ओंजळीपलीकडचे पाणी

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र हाती आले, तेव्हा संपादक मंडळाची अपेक्षा आम्हांस ठाऊक होती. इतिहासाचा शिक्षक म्हटला की त्याने महाडच्या सत्याग्रहावर लिहावे, माणगाव परिषदेवर लिहावे, नाहीतर राजर्षी शाहूंच्या वसतिगृह चळवळीवर लिहावे. आजवर आम्ही तेच करीत आलो. यंदा मात्र एका सहलीविषयी लिहावयाचे ठरविले आहे. माघ पौर्णिमेनंतरच्या एका रविवारी आम्ही पाच समवयस्कांनी आंब्याजवळच्या मानोलीच्या जलाशयात कयाक नावाच्या चिंचोळ्या होडीतून घालविलेला दिवस, हा या लेखाचा विषय आहे. तेवढ्यावरून वाचकांनी पान उलटू नये, ही विनंती. सहल हे निमित्त आहे. म्हणावयाचे आहे ते आपल्या मुलामुलींविषयी, आणि या विद्यालयात इतकी वर्षे शिकवूनही आमच्याकडून जे राहून गेले त्याविषयी.

शाहूवाडी हा पाण्याचा तालुका आहे. उत्तरेच्या सीमेवर वारणा, मलकापुराच्या अंगाने शाळी आणि कडवी, दक्षिणेकडे विशाळगडाच्या बाजूने येणारी कासारी. वारणेवर चांदोलीचे मोठे धरण, कडवीवर निनाई परळे येथील धरण, कासारीवर गेळवड्याचे धरण, आणि डोंगरांच्या घड्यांत मानोलीसारखे लहान जलाशय. पावसाळ्यात तांबूस, गढूळ होणारे हे पाणी थंडी सरता सरता निवळते. तळाचे गोटे, बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि त्यांमधून फिरणारी मासोळी काठावरून स्पष्ट दिसू लागते. अशा पाण्याच्या शेजारी आपण जन्मलो, वाढलो. परंतु या पाण्याच्या पृष्ठावर आम्ही त्या दिवशी प्रथमच गेलो, आणि तेव्हा आमचे वय पन्नाशीच्या पुढे गेलेले होते.

सोबतीस चौघे होते. एसटीतून निवृत्त झालेले आमचे वाहक मित्र, बँकेत रोखपाल असलेले दुसरे वर्गमित्र, त्यांच्या पत्नी ज्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहेत, आणि वारणेच्या धरणात घरदार गेल्याने सपाटीवरच्या पुनर्वसन वसाहतीत शेती करणारे तिसरे वर्गमित्र. रोखपाल मित्रांचे चिरंजीव पुण्यास नोकरीला आहेत. तिकडे पवनेच्या जलाशयावर ते कयाक चालविण्यास शिकले. रीतसर परवानगी काढून त्यांनी दोन होड्या आणल्या होत्या, एक एकट्याची आणि एक दोघांची. सोबत प्रत्येकासाठी तरंगते जाकीट आणि एक लांब दोर. पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांनी आम्हांस ओळीने उभे केले आणि साधा प्रश्न विचारला, "काका, पोहायला कुणाकुणाला येतं?"

कोणी काही बोलेना. वाहक मित्र आपल्या चपलांकडे पाहू लागले. रोखपाल हसले. आम्ही घसा साफ केला. पाचांपैकी एकट्या शेतकरी मित्रांनी हात वर केला. ते वारणाकाठी वाढलेले. त्यांचा हात वर गेला तोही संकोचाने. उरलेल्या चौघांत एक पदव्युत्तर, दोघे पदवीधर आणि एक प्रशिक्षित परिचारिका, परंतु मानेपर्यंतच्या पाण्यात चौघांपैकी एकासही तरंगता येत नव्हते.

हे लज्जास्पद आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ते कसे घडले, हे मात्र सांगितले पाहिजे.

आमच्या लहानपणी गावातील मुले मळ्याच्या विहिरीत पोहावयास शिकत. पाठीला सुका भोपळा बांधून किंवा ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब कमरेला अडकवून थोरला भाऊ धाकट्याला विहिरीत लोटून देई आणि आठ-दहा दिवसांत पोर पाण्याला सरावे. पोहणे शिकविण्याची खेड्यातील शाळा हीच होती, आणि त्या शाळेत आमचे नाव नव्हते. विहीर बागाईतदाराची, बागाईतदार वरच्या आळीचा. कायद्याने अस्पृश्यता संपली होती, परंतु आमचे अंग बुडालेले पाणी त्यांच्या पिकाला चालले तरी त्यांच्या घागरीला चालत नव्हते. एकदा उन्हाळ्यात आम्ही दोघे-तिघे विहिरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. पाण्यात पाय सोडले, एवढेच. वरून ढेकळे आली आणि शिव्या आल्या. संध्याकाळी मालक आमच्या वडिलांना बोलावून काय बोलला ते आम्हांस कधी कळले नाही. मात्र त्या रात्री आईने आम्हांस जवळ घेऊन शपथ घातली, "पाण्याच्या नादाला लागायचं नाही. पाणी आपलं न्हाई." आईस पाण्याची भीती होती, की पाण्याच्या धन्याची? तिच्या मनात त्या दोन भीती वेगळ्या राहिल्या नव्हत्या. आमच्यापर्यंत पोहोचली ती त्या दोहोंची मिळून झालेली एकच भीती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या भीतीची वंशावळ शोधिली, तर ती फार दूर जात नाही. कोल्हापुरातच गंगाराम कांबळे यांची हकिकत आहे. राजवाड्याच्या पागेत नोकरीस असलेल्या या गृहस्थांनी सवर्णांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला हात लावला, म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांस शासन केले आणि गंगारामांना चहाचे हॉटेल काढून दिले. महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेत, ही गोष्ट आपण सर्वांनी अनेकदा ऐकली आहे. ती ऐकताना आपले लक्ष चहाकडे जाते. तिचा प्रारंभ पाण्याच्या हौदापाशी झाला, हे आपण विसरतो.

पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचे धोरण कागदावर आले. महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी प्रत्यक्षात कोणी त्या पाण्याला हात लावू शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. त्यानंतर १०८ घागरींच्या विधीने तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, दावा न्यायालयात गेला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळे सर्वांस खुले असल्याचा निर्णय दिला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे लढावे लागले.

हे सर्व वाचकांस पाठ आहे. आमचे म्हणणे त्यापुढचे आहे. महाडच्या पायऱ्यांवर आपण ओंजळ भरली आणि परत फिरलो. ते योग्यच होते. बाबासाहेबांनी तेव्हाच स्पष्ट केले होते की आपण तहान भागविण्यासाठी तेथे जात नसून, इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी जात आहोत. परंतु माणसाचा पाण्याशी संबंध केवळ ओंजळीएवढा असतो काय? माणूस पाण्यात न्हातो, डुंबतो, पोहतो, त्यावरून होडी हाकतो, काही न करता त्याच्यावर नुसता तरंगत राहतो. पिण्याचा हक्क आपण मिळविला. पाण्यात निर्धास्त असण्याची सवय मात्र आपण आपल्या मुलांना दिली नाही. हक्क न्यायालयातून मिळतो. सवय लहानपणी, कोणीतरी हात धरून पाण्यात उतरविल्याशिवाय लागत नाही.

ही आपल्या एकट्या देशाची कथा नव्हे. २७ जुलै १९१९ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात मिशिगन सरोवरावर युजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्रांसह एका तराफ्यावरून पाण्यात खेळत होता. त्या किनाऱ्यावर गोऱ्यांचे पाणी आणि काळ्यांचे पाणी यांच्यामध्ये एक रेषा मानलेली होती. ती कोठेही आखलेली नव्हती, तरी ठाऊक सर्वांना होती. तराफा वाहत वाहत रेषेपलीकडे गेला. काठावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारले आणि तो मुलगा बुडून मेला. त्यानंतर शहरात जी दंगल उसळली तीत ३८ माणसे मृत्युमुखी पडली. बाबासाहेब न्यूयॉर्कचे शिक्षण आटोपून तो देश सोडून गेल्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. त्याच १९१९ साली इकडे कोल्हापूर संस्थानात शाहू महाराज सार्वजनिक विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या करणारे आदेश काढीत होते. पुढे १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे, केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या एका हॉटेलच्या तलावात कृष्णवर्णीय आणि गोरे सत्याग्रही एकत्र उतरले, तेव्हा व्यवस्थापकाने त्या पाण्यात आम्ल ओतले. त्या देशात तलावांची दारे कायद्याने उघडली, तरी ज्यांच्या आईबापांस पाण्यात उतरू दिले नव्हते त्यांची मुले पोहावयास शिकली नाहीत. पाण्यापासून दूर राहा, असे आईने मुलीस सांगितले आणि मुलीने आपल्या मुलीस. हे वाचताना आम्हांस आपल्या आईचा आवाज ऐकू येतो.

आता पुन्हा मानोलीच्या काठावर येऊ.

पहिल्या होडीत कोण बसणार, असा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही पुरुष एकमेकांस मान देऊ लागलो. "सर, तुम्ही आधी." "छे, छे, वाहकसाहेब, तुम्हीच." हा शिष्टाचार चालला असता परिचारिका वहिनींनी पदर खोचला, जाकिटाचे पट्टे आवळले आणि मुलाचा हात धरून त्या होडीत जाऊन बसल्या. होडी एकदा इकडे, एकदा तिकडे कलली. "आई, अंग ताठ नको धरू. कंबर सैल सोड, होडी आपोआप सावरते," मुलगा म्हणाला. दहा मिनिटांत त्या दोन टोकांच्या वल्ह्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाणी मागे सारीत पार मधल्या बुंध्यापर्यंत जाऊन आल्या. आल्यावर एवढेच म्हणाल्या, "माझ्या माहेरी घरामागं ओढा होता. चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही, उतरायचंय का म्हणून."

मग आमची पाळी आली. कयाकमध्ये माणूस पाण्याच्या जवळजवळ पातळीवर बसतो. पाय पुढे पसरलेले, पाठ टेकलेली, आणि बोटभर जाडीच्या तळाखाली सरळ पाणी. आमचे हात थरथरत होते, हे कबूल केले पाहिजे. वल्ह्याचा जोर दंडात नसतो, कमरेच्या वळणात असतो, हे उमगेपर्यंत होडी गोल गोल फिरत राहिली. वाहक मित्र काठावरून ओरडले, "सर, पुढं सरका, पुढं सरका! मागं जागा ठेवू नका!" सगळे हसले, आम्हीही हसलो, आणि हसता हसता अंग सैल पडले तशी होडी सरळ चालू लागली. काठ दूर गेला. जांभळीच्या वाळक्या फांदीवर पाणकावळा पंख पसरून बसला होता. होडी जवळ गेली तरी तो उडाला नाही. वल्हे थांबविले. वल्ह्यावरून ठिबकणाऱ्या थेंबांखेरीज आवाज नव्हता. आई गेल्यास बरीच वर्षे झाली. ती असती तर तिला सांगितले असते, की पाणी आपले आहे.

शेतकरी मित्र मात्र एकट्याच्या होडीतून बराच वेळ लांब गेले आणि परत येऊन गप्प बसले. जेवताना त्यांना बोलते केले तेव्हा म्हणाले, "वरनं पाणी निर्मळ दिसतं. पण मला खाली वाडी दिसती. तिकडं वारणेच्या धरणात आमचं घर असंच पाण्याखाली गेलं." यावर आम्हां कोणापाशीच उत्तर नव्हते. सह्याद्रीतील स्वच्छ जलाशयांचे सौंदर्य वर्णिताना हे विसरता कामा नये, की ही नैसर्गिक सरोवरे नव्हेत. कोणाची तरी शेते, देवळे, समाधीच्या जागा यांच्यावर ते पाणी उभे आहे. सपाटीवरचा ऊस त्यावर पोसतो. पर्यटकांची विश्रामगृहे त्याच्या काठावर उभी राहतात. ज्यांनी जमीन दिली, त्यांची मुले त्या विश्रामगृहांत भांडी घासतात आणि पाण्याकडे पाहतात. त्या पाण्यावर प्रथम हक्क कोणाच्या आनंदाचा, हा प्रश्न धरणांच्या चर्चेत आजवर फारसा कोणी विचारलेला नाही. आम्ही तो येथे नोंदवून ठेवितो.

काही वाचक म्हणतील, हे सारे ठीक. परंतु होडीविहार हे श्रीमंतांचे चोचले आहेत. आपल्या मुलांनी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करावा. हा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो, कारण कालपर्यंत तो आमचाच होता. कयाक ही वस्तू मात्र श्रीमंतांनी घडविलेली नाही. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट शिकाऱ्यांनी वाहून आलेले लाकूड आणि देवमाशाची हाडे यांचा सांगाडा करून, त्यावर सीलचे कातडे ताणून ती पोटासाठी बनविली. आपल्याकडेही कृष्णा-वारणेच्या काठचे शेतकरी गुळाची काईल पाण्यात लोटून तीत बसून पैलतीरास जात आले आहेत. पाण्यावरून जाण्याचे कसब कष्टकऱ्यांचे होते. ते आज सुट्टीतील करमणूक म्हणून विकले जाते, याचा दोष त्या कसबाला देता येत नाही. आणि बाबासाहेबांचा दाखला हवा असेल तर तोही आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना देशातील नद्यांचे नियोजन त्यांच्याकडे होते. १९४५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय जलआयोगाच्या मूळ नावातच जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन हे तिन्ही शब्द होते. चवदार तळ्याची ओंजळ भरणारा पुरुष अवघ्या १८ वर्षांनी देशाच्या नद्यांवरून नावा कशा चालतील याचा विचार करीत होता. आपण मात्र अजून पहिल्या पायरीवरच उभे आहोत.

दुसरा आक्षेप धोक्याचा आहे. तो खरा आहे, आणि येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहातील एक विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेला असता नदीच्या डोहात बुडाला. त्याचे नाव आम्ही लिहीत नाही. जे त्याच्या वर्गात होते त्यांना ते आठवेल. सोबत चार मुले होती. एकासही पोहता येत नव्हते, दोर किंवा काठी फेकावी एवढेही कोणास सुचले नाही. जून महिन्यात विद्यालय उघडले तेव्हा आम्ही शोकसभा घेतली, आणि सूचनाफलकावर स्वतःच्या हस्ताक्षरात नियम लिहिला, 'कोणत्याही विद्यार्थ्याने नदी, ओढा, विहीर अथवा तलाव यांच्याजवळ जाऊ नये.' त्या वेळी हा नियम आम्हांस शहाणपणाचा वाटला. मानोलीच्या काठावर बसून डबा खाताना परिचारिका वहिनी म्हणाल्या, "दवाखान्यात बुडालेली जी पोरं आणतात ना सर, त्यांतली बरीचशी काठापासून चार हातांवर बुडालेली असतात. खोल पाण्यात कुणी गेलेलंच नसतं." तेव्हा तो फलक आमच्या डोळ्यांसमोर आला. आमच्या आईने आम्हांस जे सांगितले, तेच आम्ही दोन-तीनशे मुलांना शाळेच्या अधिकाराने सांगितले होते. आईपाशी दुसरा उपाय नव्हता. आमच्यापाशी होता.

पाण्यापासून दूर ठेवून पाण्यापासून रक्षण होत नाही, कारण पाणी स्वतः चालून येते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ते कोल्हापूर-सांगलीच्या घराघरांत आले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेकांचा जीव गेला. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ साली ठराव करून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून ठरविला आहे. शालेय वयाच्या मुलांना पोहण्याचे, पाण्यातील सुरक्षिततेचे आणि बुडणाऱ्यास स्वतः न बुडता वाचविण्याचे शिक्षण द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना आग्रहाने सांगते. जे जगाने शिफारस म्हणून मांडले, ते आपल्या समाजासाठी राहिलेले कर्तव्य आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यालयाची संस्था, माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवितो. इयत्ता पाचवीपासूनच्या प्रत्येक विद्यार्थ्यास आणि विद्यार्थिनीस विद्यालय सोडण्यापूर्वी पोहता आले पाहिजे. त्यासाठी संगमरवरी तलाव नको. उन्हाळी सुट्टी लागण्यापूर्वीचे पंधरा दिवस, उथळ आणि पाहणी केलेली जागा, नदीकाठच्या गावांतील अनुभवी पोहणारे प्रशिक्षक, मुलींसाठी स्त्री-प्रशिक्षिका, प्रत्येकाच्या अंगावर तरंगते जाकीट, काठावर दोर आणि प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती, पालकांची लेखी संमती, आणि पावसाळ्यात पूर्ण बंदी, एवढ्यावर आरंभ करता येईल. धरणाच्या पाण्यात परवानगीशिवाय कोणी उतरू नये. तेथील तळ एकाएकी खोल जातो आणि बुडालेल्या फांद्या पायात अडकतात. परिचारिका वहिनींनी दरवर्षी दोन दिवस येऊन कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकविण्याचे मान्य केले आहे. शेतकरी मित्रांनी स्वतः मुलांना पाण्यात उतरविण्याची तयारी दर्शविली आहे. पोहणे आलेल्या मोठ्या मुलांसाठी दुसऱ्या वर्षी दोन कयाक घ्याव्यात. एका स्नेहसंमेलनाच्या मंडपाचा आणि ध्वनिक्षेपकाचा खर्च वाचविला तरी आरंभापुरती रक्कम उभी राहील. माजी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक जाकीट दिले, तर तेवढ्याने आम्ही ऋणी होऊ.

मुलींचा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर वेगळा केला आहे. मुले चोरून का होईना, ओढ्यात उतरतात. मुलगी पाणी केवळ डोक्यावर वाहते. ग्वाल्हेरच्या प्राची यादव या दिव्यांग तरुणीने पोहण्यापासून सुरुवात केली, भोपाळच्या तलावावर सराव केला आणि २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकमध्ये सुवर्णपदक मिळविले. पदके येतील तेव्हा येतील. आपल्या मुलीला घरामागच्या ओढ्यात भीतीवाचून उतरता यावे, एवढे आम्हांस आज पुरे आहे.

भगवान बुद्धांनी मज्झिम निकायात सांगितलेला तराफ्याचा दृष्टान्त आपण वंदनेनंतरच्या प्रवचनांत वारंवार ऐकतो. नदी ओलांडल्यावर तराफा डोक्यावर घेऊन फिरू नये, हे त्याचे तात्पर्य सर्वांस ठाऊक आहे. त्या कथेतील एक तपशील मात्र आमच्या ध्यानात मानोलीहून परतल्यावर आला. ऐलतीरावर उभ्या असलेल्या त्या माणसापुढे नावही नव्हती आणि पूलही नव्हता. त्याने गवत, काटक्या, फांद्या, पाने गोळा केली, तराफा स्वतः बांधला आणि हातापायांनी प्रयत्न करीत तो पलीकडे गेला. तराफा सोडून देण्याची गोष्ट पैलतीराची आहे. आपल्या मुलांना अजून तो बांधावयाचा आहे.

त्या दिवशी सायंकाळी होड्या गाडीवर बांधताना वाहक मित्रांनी आम्हांस बाजूस घेतले. दुपारभर ते काठावरच बसून होते. सर्वांच्या चपला आणि डबे त्यांनी सांभाळले, पाण्यात मात्र उतरले नाहीत. म्हणाले, "सर, मुलांचं शिबिर लागलं की मलाही कळवा. पोरांबरोबर शिकायला लाज कसली?" आम्ही त्यांचे नाव यादीत पहिले लिहिले आहे. दुसरे आमचे स्वतःचे आहे. आणि विद्यालय उघडताच सूचनाफलकावरील तो जुना नियम आम्ही आमच्या हाताने पुसणार आहोत.

नमो बुद्धाय! जय भीम!